पदवी, आयटीआय आणि मधलं एक वर्ष

मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, घेते तेव्हा लेखी परीक्षा नसते, मुलाखतही नसते. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढायची आणि गुणवत्ता यादी लावायची, एवढंच. वय १५ ते २४, दहावीला किमान ५० टक्के आणि आपल्या ट्रेडचं प्रमाणपत्र ही पात्रता. अलीकडच्या जाहिरातींत पूर्ण मध्य रेल्वेच्या मिळून २,४०० च्या आसपास जागा होत्या. त्यांत भुसावळचा स्वतंत्र गट असतो. भुसावळचा विद्युत इंजिन कारखाना, लोको शेड, डब्यांचा डेपो, शिवाय मनमाडचा कारखाना या जागा त्या गटात येतात. वर्षभर प्रत्यक्ष काम, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या पदांच्या, भरतीत हे वर्ष पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. नोकरीची हमी कोणी देत नाही, पण रांगेत उभं राहण्याची जागा बदलते.

जळगाव-धुळ्याच्या घरांत दहावीच्या निकालानंतर जी बोलणी होतात त्यांत हे सहसा येत नाही. तिथे टक्के बोलतात. ८५ च्या वर गेला तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स नाहीतर आर्ट्स, आणि पंचेचाळीसवर अडकला तर आयटीआय. पोराचा हात कशात चालतो, पुस्तकात त्याचं मन किती वेळ रमतं, घर आणखी किती वर्षं त्याच्या कमाईवाचून निभावून नेऊ शकेल, हे प्रश्न गुणपत्रिकेखाली दबून जातात. मला पालकांना सांगायचंय ते एवढंच. पदवी बरी की आयटीआय बरं, हा वाद घालण्याआधी मुलगा किंवा मुलगी एकविसाव्या वर्षी कोणतं काम कुणाच्या मदतीशिवाय, पैसे घेऊन करू शकेल, ते विचारा. आणि ज्या शिक्षणात कामाच्या जागी काढलेलं निदान एक वर्ष नाही ते शिक्षण, विद्यापीठाचं असो की आयटीआयचं, अपुरं समजा.

आधी पदवीकडे बघू, कारण भीती तिच्याच नावाने जास्त आहे.

आपलं विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना पदवीसाठी पुण्याच्या फेऱ्या मारायची गरज उरली नाही. हे फार मोठं काम झालं. आदिवासी पाड्यांतली, तापीकाठची, सातपुड्याच्या पायथ्याची किती घरं पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचली ती त्यामुळेच. आज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आवारातच रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय देशपातळीवरच्या क्रमवारीत दिसतं. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. या ठिकाणी ज्याला जागा मिळते आणि ज्याला त्या विषयाची खरीच ओढ आहे, त्याने जायलाच हवं. त्याला ‘आयटीआय कर, लवकर कमवायला लागशील’ असं सांगणारा पालक त्याचं नुकसान करतो.

माझी काळजी वेगळ्या मुलांची आहे. बारावीनंतर काय करायचं ते ठरलं नाही म्हणून बी.ए.ला नाव घालणारी, कॉलेजात हजेरीपुरती जाणारी आणि बाकीचा दिवस अभ्यासिकेत बसणारी ही मुलं. तालुक्याच्या प्रत्येक गावात आता अभ्यासिका आहेत. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, एमपीएससी. मेहनतीत ही मुलं कमी नाहीत. पहाटे चारला मैदानावर धावतात आणि रात्री अकरापर्यंत वाचतात. पण २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार. निवड झालेल्याचा फलक चौकात लागतो. बाकीच्यांचं पुढचं वर्ष मात्र पुन्हा त्याच खुर्चीत जातं.

२०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंट यांनी भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. त्यात २०२२ सालची तरुणांची बेरोजगारी शिक्षणानुसार दिली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ती ३.४ टक्के, पदवीधरांत २९.१ टक्के. या आकड्यांवरून शिकणं वाया जातं असा अर्थ काढू नका. न शिकलेला तरुण बेकार राहू शकत नाही, कारण त्या दिवशी घरात चूल पेटणार नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने करतो. पदवीधराला घर थोडी सवलत देतं आणि तो आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो. हे वाट पाहणंच महाग पडतं. पदवीची फी मोजताना वडील कॉलेजची पावती बघतात. पण पदवीनंतरची तीन-चार वर्षं पोरगा कमावत नाही, त्याची पावती कुठेच फाटत नाही.

म्हणून स्पर्धा परीक्षा देऊ नयेत असं मी म्हणत नाही. द्याव्यात. पण हातात एखादं काम असू द्यावं आणि प्रयत्नांना वयाची हद्द घरात बसून आधीच ठरवावी. चोविसाव्या वर्षापर्यंत, नाहीतर तीन प्रयत्न, जे ठरेल ते. ही हद्द निकाल लागल्यावर ठरवू नये. तेव्हा ती कुणालाच ठरवता येत नाही.

आता आयटीआय. त्याबद्दल बोलणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांनी आयटीआयची कार्यशाळा आतून पाहिलेली असते. प्रवेशाआधी एकदा जाऊन पाहाच. फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला पोरं वायसमध्ये लोखंडाचा एक चौकोनी तुकडा धरतात आणि कानस मारत बसतात. पृष्ठभाग सपाट झाला की गुण्याचं पातं त्यावर उभं ठेवायचं आणि तुकडा उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की तिथे खड्डा आहे. मग पुन्हा कानस. सुरुवातीला पोरं जोर लावतात, तुकड्याच्या कडा उतरतात आणि मध्ये उंचवटा राहतो. हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की दोन्ही हातांचा दाब सरकत्या कानशीबरोबर बदलत न्यावा लागतो. हे कोणत्याच पुस्तकातून येत नाही. पुढे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंतचं माप व्हर्निअरवर वाचायचं असतं. ज्या मुलाला गणिताच्या तासाला झोप यायची, तो इथे दशांश चिन्हाच्या पुढचे दोन आकडे चुकू देत नाही, कारण चुकला तर दोन तुकडे एकमेकांत बसत नाहीत.

आयटीआय हे कमी हुशार मुलांचं ठिकाण आहे ही समजूत कागदावरही टिकत नाही. शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियनची यादी बरीच वर बंद होते. पंचेचाळीस टक्क्यांना तो ट्रेड मिळेल ही आशा ठेवून आलेले वडील पहिल्याच फेरीत निराश होतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, रेफ्रिजरेशन आणि एसी हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, संगणकाचा कोपा, शिवणकाम हे एक वर्षाचे. कालावधीचा हा फरक प्रवेशाच्या वेळी कुणी नीट समजावून देत नाही, आणि पुढच्या वाटा तर त्याच्यावर अवलंबून असतात.

त्या वाटा अशा. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीला पुन्हा थेट दुसरं वर्ष. बेरीज करा. आयटीआयची दोन, पदविकेची दोन, पदवीची तीन, मिळून सात वर्षं. दहावी, अकरावी-बारावी आणि मग चार वर्षांचं इंजिनिअरिंग केलं तर सहा. फरक एका वर्षाचा, आणि त्या एका वर्षाच्या बदल्यात मुलाच्या हातात एक ट्रेड असतो. मध्ये कुठेही थांबावं लागलं, घरी आजारपण आलं, पाऊस रुसला, तरी तो रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. बारावीच्या वाटेने गेलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गळाला तर त्याच्याकडे बारावीची गुणपत्रिका उरते.

बारावी राहून जाईल ही आणखी एक भीती. आपल्या राज्यात दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्यांना भाषा विषयांची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बारावीची समकक्षता मिळण्याची सोय आहे. आयटीआयच्या कार्यालयात पहिल्याच वर्षी याची चौकशी करून ठेवा. पोलीस भरतीला बारावी लागते, पुढे पदवी करायची म्हटली तरी लागते. हा कागद वेळेवर केला नाही तर चार वर्षांनी त्याची आठवण येते आणि तोवर भाषेचा सराव सुटलेला असतो.

या सगळ्यापेक्षा मी शिकाऊ उमेदवारीच्या वर्षाला जास्त वजन देतो. आयटीआयत यंत्र हळू चालतं, चूक झाली तर निदेशक थांबवतात. कारखान्यात यंत्र थांबलं तर दोनशे माणसांचं काम थांबतं. तो ताण सहन करत काम शिकलेल्या मुलाची चालच वेगळी होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक केलं आहे. विद्यावेतनाचा काही भाग, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. खानदेशात यासाठी जागा आहेत. भुसावळला रेल्वे आहे. भुसावळ आणि वरणगावला संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. जळगावच्या एमआयडीसीत चटई, पीव्हीसी पाइप आणि डाळींचे कारखाने आहेत, बांभोरीला ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग आहे. धुळ्याला अवधान आणि नरडाणा. शिकाऊ उमेदवारीचं केंद्राचं पोर्टल आहे, त्यावर नाव नोंदवून ठेवायचं आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाने भरवलेल्या मेळाव्यांना जायचं.

हे वर्ष वाया जाणारेही असतात. काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणून घेतात आणि वर्षभर पॅकिंगला बसवतात. मुलाला महिन्याभरातच कळतं की आपण शिकत नाही आहोत. अशा वेळी ‘पगार येतोय ना’ म्हणून त्याला गप्प करू नका. करार नोंदलेला आहे का, कोणत्या ट्रेडसाठी नोंदलाय आणि रोजचं काम त्या ट्रेडचं आहे का, हे बघा. तक्रार करायची तर आयटीआयमधलं शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणारे अधिकारी हेच तुमचं पहिलं दार.

धुळ्याहून आणि जळगावहून आयटीआय झालेली बरीच मुलं चाकण, वाळूज, अंबड-सातपूरला जातात. तिथेही ठेकेदाराकडून लागलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीला फार काही उरत नाही. चार-पाच जण मिळून खोली, बारा तासांची पाळी, सहा महिन्यांनी ब्रेक. या मुलांची फरपट मी कमी लेखत नाही. ज्यांना कोणतंही प्रमाणपत्र नाही त्यांच्या वाट्याला सुरतेच्या उधना-लिंबायतमधलं लूमचं काम येतं, ती वाट तर आपल्या दोन पिढ्यांनी तुडवलेली आहे. फरक असा की प्रमाणपत्र आणि शिकाऊ उमेदवारी असलेल्या मुलाला तीन-चार वर्षांनी परत येऊन स्वतःचं काही उभं करता येतं. त्यासाठी गावाकडे काम आहे का, हा खरा प्रश्न.

रावेर-यावलच्या पट्ट्यात मे महिन्यात जाऊन बघा. पारा ४५ च्या पुढे, केळी निसवलेली, आणि बोअरची मोटार जळालेली. चार दिवस पाणी तुटलं तर बाग बसते. त्या दिवसांत मोटार भरून देणाऱ्याच्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभे असतात. सबमर्सिबल मोटार भरणं म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार स्टेटरच्या खाचांतून एकेक फेरा हाताने ओवायची. फेरे मोजत राहायचं, तारेला कुठे ओरखडा जाऊ द्यायचा नाही, कारण ही मोटार पाण्याने भरूनच चालते आणि एक बारीक चीर पुरेशी असते. मग मेगरने इन्सुलेशन तपासायचं. हे काम ज्याला विश्वासाने जमतं त्याला आमच्या भागात मे-जूनमध्ये जेवायला फुरसत नसते. त्याच्या दुकानात कोणत्याही पदवीची चौकशी होत नाही.

आता त्याच शेतावर सौर पंप येतोय. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. घरावरच्या सौर यंत्रणेला केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. हे सगळं बसवणारे, दुरुस्त करणारे हात लागतात. केळी परदेशात जायला लागल्यापासून शीतगृह, पॅकहाउस आणि रायपनिंग चेंबर वाढले. तिथे कॉम्प्रेसर बंद पडला तर माल काळा पडायला वेळ लागत नाही. रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेल्या मुलांना याचा अंदाज पुण्यातल्या एसीच्या दुकानांपेक्षा इथे जास्त येईल. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. ट्रकचं काम तिथे कधीच थांबलेलं नाही, आणि धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे.

इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड केलेल्याने आणखी एक कागद मिळवावा, तो म्हणजे तारतंत्री परवाना. पुढे अनुभवावर पर्यवेक्षक, मग विद्युत ठेकेदाराचा परवाना. परवाना नसलेला हुशार वायरमन आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली काम करतो. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीतही याच दोन ट्रेडच्या प्रमाणपत्राची विचारणा होते. ज्याला शिकवायची आवड आहे त्याच्यासाठी एक वर्षाचा प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम आहे आणि शासकीय आयटीआयत शिल्प निदेशक होण्याची वाट आहे.

कुठलंही कौशल्य जन्मभर पुरेल असं समजू नका. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात गेली, तीच आजची विप्रो. एका पिढीत कंपनी बदलते तर कामही बदलणारच. नव्वद सालचा वायरमन स्टार्टर आणि कॅपॅसिटर ओळखत होता, आज त्याला इन्व्हर्टर, ड्राइव्ह, पीएलसी कळायला हवेत. डिझेल मेकॅनिकला बॅटरीवरची गाडी उघडावी लागणार. म्हणून आयटीआयत जाणाऱ्या मुलाचं इंग्रजी वाचन आणि बीजगणित सोडू देऊ नका. मोटारीचं मॅन्युअल मराठीत येत नाही.

उलट बाजूने पदवीच्या मुलांनाही हेच लागू. जळगावात जी-नाइन केळीची उतिसंवर्धित रोपं लाखोंनी तयार होतात. त्या प्रयोगशाळेत बी.एस्सी. झालेल्या मुलीला पुस्तकातलं सूक्ष्मजीवशास्त्र आठवून भागत नाही, निर्जंतुक हाताने रोप कापून दुसऱ्या बाटलीत ठेवायला जमावं लागतं. बी.कॉम. करणाऱ्याने दुसऱ्या वर्षापासून एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात बसून जीएसटीची विवरणपत्रं भरायला शिकावं. दाणाबाजारातली आणि सराफ बाजारातली दुकानं अशी मुलं शोधत असतात. बी.ए. करणाऱ्याने शिक्षक व्हायचं ठरवलं असेल तर सुट्टीत वर्गावर उभं राहून बघावं. जमत नाही असं कळलं तर तेही दुसऱ्या वर्षी कळलेलं बरं.

मुलींच्या बाबतीत आपण दुहेरी चूक करतो. इंजिनिअरिंगला पाठवायचं तर खर्च आठवतो, आयटीआयला पाठवायचं तर समाज आठवतो. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण माफ करतं. याचा फायदा घ्या, फक्त वसतिगृह, प्रवास आणि पुस्तकांचा खर्च वेगळा धरा. आणि आयटीआयला मुलगी म्हणजे शिवणकाम किंवा ब्युटी पार्लर, एवढ्यावर थांबू नका. ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांत मुली आहेत, आणि सूक्ष्म मापाच्या कामात त्यांचा हात स्थिर असल्याचं निदेशक आपणहून सांगतात. मुलीच्या कामाच्या पाळीची, बसची, कारखान्यातल्या स्वच्छतागृहाची चौकशी मात्र आईने स्वतः करावी. ती चौकशी कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

लग्नाचं सांगायला हवं, कारण पालक ते उघड बोलत नाहीत आणि निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो. बायोडाट्यात ‘शिक्षण: बी.ए.’ लिहिलेलं बरं दिसतं, ‘आयटीआय, वेल्डर’ लिहिलं की मुलीकडचे फोन बंद करतात. हे खरं आहे आणि ते दुखतं. पण आमच्याकडे आणखी एक प्रश्न त्याच फोनवर येतो, अहिराणीत, सरळ: पोऱ्या काय करस? त्या प्रश्नाला अभ्यासिकेत बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या पदवीधराकडे उत्तर नसतं. ज्यांना पदवी हवीच आहे त्यांनी काम धरल्यावर दूरस्थ शिक्षणाने ती करावी. मुक्त विद्यापीठ आपल्या शेजारी नाशिकलाच आहे.

शरीराचाही विचार करा. वेल्डिंगच्या ठिणगीकडे काच न लावता बघितलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. नव्या मुलांना काच लावायची सवय पहिल्या महिन्यातच लावावी लागते. विजेच्या कामात घाई जिवावर बेतते. ज्या मुलाला उंचीची भीती आहे, ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, त्याला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला घालू नका. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं स्वप्न असेल तर डोळ्यांची तपासणी आयटीआयला नाव घालण्याआधी करून घ्या. दहावी आणि आयटीआयवर तो अर्ज करता येतो, पण नजरेच्या निकषावर तिथे सवलत नाही.

खासगी आयटीआयत जायची वेळ आली तर फीबद्दल विचारण्याआधी संलग्नता विचारा. परीक्षा राष्ट्रीय परिषदेच्या प्रमाणपत्राची आहे का, त्या ट्रेडच्या किती तुकड्यांना मान्यता आहे, आणि कार्यशाळेतली यंत्रं चालू आहेत का. लेथवर धूळ असेल तर समजून घ्या. गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांचे नंबर मागा आणि त्यांना फोन करून अप्रेंटिसशिप कुठे केली ते विचारा. इंजिनिअरिंग कॉलेजालाही हेच विचारा, ‘प्लेसमेंट’च्या फलकावरच्या फोटोंपेक्षा त्याचं उत्तर कामाचं असेल. आणि फीसाठी शेत गहाण टाकायची वेळ येत असेल तर सहीआधी थांबा, त्याच शाखेची शासकीय पदविका मिळते का ते बघा.

प्रवेशाची प्रक्रिया व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन चालते. दहावीच्या गुणांवर केंद्रीय फेऱ्या होतात आणि शेवटी समुपदेशन फेरी. विकल्प भरताना प्रत्येक ओळ म्हणजे एक संस्था आणि एक ट्रेड. बहुतेक मुलं जवळच्या आयटीआयतले सगळे ट्रेड ओळीने भरतात, आणि मग घराजवळ पण नको असलेल्या ट्रेडला अडकतात. आधी ट्रेड ठरवा, मग त्या ट्रेडसाठी जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर अशा जाता येतील त्या सगळ्या संस्था वर घ्या. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं. तो सोडला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं आणि थेट समुपदेशन फेरीची वाट पाहावी लागते. त्यामुळे पहिल्या ओळीत तेच लिहा जे खरंच हवंय. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, शाळा सोडल्याचा दाखला हे शक्य तितक्या लवकर काढून ठेवा. निकालानंतर सेतू कार्यालयात काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. आणि विकल्पाचा अर्ज सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका. शेजारी बसून मुलाला स्वतः भरू द्या.